'सुपरसिलियस' हा शब्द न चुकता वापरण्याचे सात टप्पे

इतरांचं इंग्रजी लेखन तपासताना एक शब्द मला हटकून चुकलेला सापडतो: सुपरसिलियस. कुणी तो 'अतिशय मूर्ख' या अर्थाने वापरतं, कुणी चक्क कौतुक म्हणून. ज्यांना अर्थ माहीत असतो तेसुद्धा 'गर्विष्ठ' एवढ्यावर थांबतात आणि मग जिथे ॲरोगंट हवा, इन्सोलंट हवा, तिथे हाच शब्द दामटतात. दोष त्यांचा एकट्यांचा नाही. प्राउड, हॉटी, ॲरोगंट, कॉन्सीटेड, सुपरसिलियस या साऱ्यांपुढे मराठीत 'गर्विष्ठ' लिहून मोकळं व्हायची सवय जुनी आहे.

यावर उपाय एकच, क्रम बदला. बहुतेक जण आधी मराठी प्रतिशब्द पाठ करतात आणि मग त्याला साजेसं वाक्य शोधतात. इथे मराठी सगळ्यात शेवटी यायला हवं. आधी उच्चार, मग चेहरा, मग दिशा, मग भावंडं, मग वाक्य, मग प्रसंग आणि त्यानंतर मराठी. मधला एखादा टप्पा गाळलात तर पुढे कुठेतरी पाय घसरतोच.

## पूर्वतयारी

दोनच गोष्टी लागतील. पहिली, उदाहरणवाक्यं देणारा एक इंग्रजी-इंग्रजी शब्दकोश, शक्यतो उच्चार ऐकवणारा. दुसरी, तुमच्या आठवणीतला एक प्रसंग: कुणीतरी एक अक्षरही वाईट न बोलता तुम्हाला क्षुल्लक वाटायला लावलं, तो. त्या माणसाचे डोळे, ओठ, मान काय करत होते ते दोन ओळींत लिहून ठेवा. काय वाटलं ते लिहू नका, काय दिसलं ते लिहा. या दोन ओळी पुढे सारख्या लागणार आहेत, म्हणून हे काम 'नंतर करू' म्हणून सोडू नका.

## टप्पा १: उच्चार आणि स्पेलिंग पक्कं करा

सू-पर-सि-लि-अस. पाच तुकडे. मुख्य आघात तिसऱ्या तुकड्यावर, म्हणजे 'सि'वर. आपल्याकडे 'सुपर'वर जोर देऊन उरलेलं घाईत गिळून टाकण्याची सवय आहे, त्यामुळे ऐकणाऱ्याला फक्त 'सुपर' ऐकू येतं आणि त्याला ती स्तुती वाटते.

स्पेलिंग: एस, यू, पी, ई, आर, सी, आय, एल, आय, ओ, यू, एस. बारा अक्षरं. चुका तीनच ठिकाणी होतात. 'सुपर'नंतर 'सी'ऐवजी 'एस' लिहिला जातो, 'एल' दोनदा पडतो, किंवा शेवटच्या 'आय-ओ-यू-एस'मधला 'आय' गळतो.

'सी'च्या जागी 'एस' येतो कारण मनात 'सिली' हा शब्द घोळत असतो. 'सुपर' अधिक 'सिली', म्हणजे महामूर्ख! ही फोड ऐकायला इतकी सोयीची आहे की एकदा डोक्यात बसली की जात नाही. पण 'सिली'चा या शब्दाशी काडीचाही संबंध नाही.

इशारा: याच्यासारखे दिसणारे आणखी तीन शब्द घाईत याच्या जागी येऊन बसतात. सुपरस्टिशस म्हणजे अंधश्रद्धाळू, सुपरफिशियल म्हणजे वरवरचा, सुपरफ्लुअस म्हणजे गरजेपेक्षा जास्तीचा. संगणकाचा स्पेलिंग-तपासनीस तुमचं चुकलेलं स्पेलिंग 'दुरुस्त' करताना भलताच शब्द टाकू शकतो. त्याने सुचवलेलं पूर्ण वाचल्याशिवाय स्वीकारू नका.

तपासा: न बघता शब्द एकदा लिहा. 'सुपर'नंतर 'सी' आहे? 'एल' एकच आहे? अक्षरं बारा भरली?

## टप्पा २: आधी चेहरा बघा, मग अर्थ

लॅटिनमध्ये सुपरसिलियम म्हणजे भुवई. सिलियम म्हणजे पापणी आणि सुपर म्हणजे वर. पापणीच्या वरची ती भुवई. शरीरशास्त्रात डोळ्यांवरच्या हाडाच्या उंचवट्याला आजही सुपरसिलिअरी आर्च म्हणतात. शब्दाचा इतिहास इथे एवढाच पुरे, कारण आपल्याला त्यातलं फक्त चित्र हवंय: एक भुवई किंचित वर, पापण्या अर्ध्या मिटलेल्या, नजर नाकाच्या शेंड्यावरून खाली उतरलेली.

आता या चित्रातून तीन अटी निघतात. तिन्ही पूर्ण झाल्या तरच शब्द वापरायचा.

पहिली: तो माणूस स्वतःला वरचा समजतो. दुसरी: समोरचा, किंवा समोरची वस्तू, त्याच्या लेखी किरकोळ आहे. तिसरी: हे दिसतं. चेहऱ्यातून, आवाजातून, उत्तर न देण्यातून, कशातूनही, पण दिसतं.

लोक गाळतात ती तिसरी अट. मनातल्या मनात सगळ्यांना तुच्छ मानणारा, पण वागण्यात गोड असणारा माणूस ढोंगी असेल, गर्विष्ठही असेल. त्याचं वागणं सुपरसिलियस नाही. उंट आणि मांजर यांना इंग्रजीत हे विशेषण गमतीने का लावतात ते यावरून कळेल. उंटाच्या मनात काय चाललंय हे कुणाला ठाऊक? पण उंचावलेलं डोकं आणि अर्धवट मिटलेले जड डोळे बघून वाटतं, हा आपल्याला मोजतच नाहीये.

तपासा: पूर्वतयारीत लिहिलेल्या दोन ओळी काढा. त्यात तिन्ही अटी सापडतात का? तिसरी नसेल तर दुसरा प्रसंग घ्या.

## टप्पा ३: दिशा ठरवा

हा टप्पा सगळ्यात लहान आहे आणि सर्वांत जास्त चुका वाचवतो.

सुपरसिलियस वागणं वरून खाली जातं. ते 'वर' खरं असलंच पाहिजे असं नाही. त्या माणसाने मानलेलं असलं तरी चालतं. उद्धटपणा मात्र बहुतेक वेळा खालून वर जातो. धाकटा थोरल्याला उलट बोलला, शिकणारा शिकवणाऱ्याच्या अंगावर गेला, तर आपण त्याला उद्धट म्हणतो. त्यासाठी इंग्रजीत इन्सोलंट किंवा साधं रूड आहे.

म्हणून 'सुपरसिलियस म्हणजे उद्धट' असं वहीत लिहिलं असेल तर आत्ताच खोडा. उद्धट माणूस तुमच्याशी भांडतो, म्हणजे निदान तुमची दखल घेतो. सुपरसिलियस माणसाला तुमच्याशी भांडणंसुद्धा कमीपणाचं वाटतं.

इशारा: धाकटा माणूस कधीच सुपरसिलियस नसतो असा नियम मात्र करू नका. नवखा मुलगा जुन्या जाणत्यांकडे 'यांना काय कळतंय' अशा अर्धस्मिताने बघत असेल, तर तो स्वतःला वरच समजतोय. दिशा वयावरून किंवा पदावरून ठरत नाही, त्याच्या डोक्यातल्या पायरीवरून ठरते.

## टप्पा ४: भावंडांपासून वेगळा करा

याला वेळ द्या. घाईत वाचून हा भाग हाती लागत नाही, प्रत्येक शब्दापाशी थोडं थांबावं लागतं.

एकच प्रसंग घेऊ. बैठक चालू आहे. नवा माणूस एक साधा प्रश्न विचारतो. समोर ज्येष्ठ बसलेला आहे. तो काय करतो यावर विशेषण बदलत जातं.

तो म्हणतो, "मी सांगतोय ना, मग ते बरोबरच आहे." हा ॲरोगंट. भर स्वतःच्या दाव्यावर आहे. समोर कोण आहे याने फरक पडत नाही. एकटा बसूनही माणूस ॲरोगंट असू शकतो.

तो हसून म्हणतो, "अरे वा, छान प्रश्न हं! तुला कळेल असं सोपं करून सांगतो." हा कंडिसेंडिंग. तो खाली उतरून आलाय, आणि उतरून आलोय हे तुम्हाला जाणवू देतोय. वरवर प्रेमळ, आतून टोचणारं. पेट्रनाइझिंग जवळपास हेच. लक्षात घ्या, कंडिसेंडिंग माणूस समजावून सांगायचे कष्ट तरी घेतो.

तो म्हणतो, "खाली बसा. पुढचा मुद्दा." हा इम्पीरिअस. हुकूम सोडायची सवय. 'साम्राज्याचा' या अर्थाचा इम्पीरिअल वेगळा, तो इथे घुसवू नका.

तो वर बघतच नाही, आणि कुणाच्याच प्रश्नावर कधी बघत नाही. हा अलूफ. दूर राहणारा. कदाचित बुजरा असेल, कदाचित कंटाळला असेल. त्याला तुच्छता वाटतेच असं नाही.

आणि शेवटी: तो काहीच बोलत नाही. भुवई किंचित वर जाते, शेजारी बसलेल्याकडे एक अर्धं हसू जातं, आणि चर्चा प्रश्न विचारलाच नव्हता अशी पुढे सरकते. हा सुपरसिलियस.

आता या प्रसंगात न बसलेले. प्राउड चांगल्या अर्थानेही चालतो. मुलीचा अभिमान वाटतो तेव्हा आई 'प्राउड'च असते. सुपरसिलियसला चांगली बाजू नाही. कॉन्सीटेड आणि व्हेन हे स्वतःच्या प्रेमात पडलेले. त्यांना आरसा पुरतो. डिस्डेनफुल मध्ये तिरस्काराचा रंग गडद असतो आणि तो कशाविषयी तरी असतो. स्नॉबिश मध्ये दर्जा, अभिरुची, ओळखीपाळखी यांचा तोरा येतो.

उरला हॉटी, आपल्या शब्दाचा सख्खा भाऊ. उंचीवरून आलेला शब्द, त्यामुळे त्यात घराण्याचा, हुद्द्याचा ताठा जाणवतो. अंतर राखणारी थंड मग्रुरी. सुपरसिलियसमध्ये मिस्कील कुत्सितपणाची छटा येऊ शकते, हॉटीत ती सहसा नसते. अर्थापेक्षा या शब्दाची अडचण उच्चाराची आहे. त्याच्या स्पेलिंगमधले 'जी-एच' मुके आहेत, आणि आपल्या तोंडी तो आकर्षक व्यक्तीला सैलपणे म्हणतात त्या 'हॉटी'सारखाच येतो. 'शी इज हॉटी' असं तुम्ही टीका म्हणून बोललात आणि समोरच्याने भलतंच ऐकलं, तर स्पष्टीकरण देत बसावं लागेल. बोलताना म्हणूनच 'हॉटी मॅनर', 'हॉटी टोन' असं नामासोबत वापरा.

तपासा: स्वतःला क्रमाने तीन प्रश्न विचारा. हुकूम आहे का? मग इम्पीरिअस. गोड शिकवणी आहे का? मग कंडिसेंडिंग. फक्त अंतर आहे, तुच्छता नाही, असं आहे का? मग अलूफ. तिन्हींचं उत्तर 'नाही' आलं आणि टप्पा २ च्या अटी पूर्ण असल्या, तरच पुढे जा.

इशारा: अलूफ आणि सुपरसिलियस यांची गल्लत फक्त भाषेची चूक राहत नाही, माणसावर अन्याय होतो. कमी बोलणाऱ्याला, नीट ऐकू न येणाऱ्याला, नव्या जागी बुजलेल्याला लोक सहज 'शिष्ट' ठरवतात. लिहिण्याआधी स्वतःला विचारा: हा सगळ्यांशीच असा वागतो, की काहींशीच? काहींशीच, आणि तेही ठरावीक पायरीवरच्यांशी, असं असेल तर शब्द बरोबर.

## टप्पा ५: वाक्यात जागा द्या

हा शब्द नामाआधी सर्वांत सहज बसतो. त्याची ठरलेली सोबत अशी: स्माइल, लुक, एक्स्प्रेशन, टोन, मॅनर, ॲटिट्यूड, एअर. 'शी गेव्ह मी अ सुपरसिलियस स्माइल.' 'हिज सुपरसिलियस टोन अनॉइड एव्हरीवन.' सुरुवातीला या सातांपैकीच एखादं नाम घ्या, चुकायची शक्यता जवळजवळ उरत नाही. 'सुपरसिलियस आयब्रो' असंही लिहिलेलं आढळतं. मला ते 'भुवईदार भुवई'सारखं वाटतं, पण ती माझी खोड समजा.

व्याकरणातल्या बारीक गोष्टी भराभर सांगतो. आधी 'अ' येतो, 'ॲन' नाही, कारण सुरुवात 'स'च्या उच्चाराने होते. तुलना 'मोर' आणि 'मोस्ट' लावून. क्रियाविशेषण सुपरसिलियसली, नाम सुपरसिलियसनेस. 'सुपरसिलिऑसिटी' असं काही जोडून तयार करू नका.

शब्दयोगी अव्ययाकडे मात्र लक्ष हवं. प्राउड 'ऑफ', डिस्डेनफुल 'ऑफ' हे कानात बसलेलं असल्यामुळे 'सुपरसिलियस ऑफ' असं तोंडून निघतं. ते चूक. माणसाविषयी 'टुवर्ड', गोष्टीविषयी 'अबाउट'. 'ही वॉज सुपरसिलियस टुवर्ड द न्यूकमर्स.' 'शी इज सुपरसिलियस अबाउट पॉप्युलर म्यूझिक.'

एक फरक आपल्याला मराठीमुळेच पटकन कळतो. 'तो शिष्ट आहे' आणि 'तो शिष्टपणा करतोय' ही वाक्यं आपण कधी एकमेकांच्या जागी वापरत नाही. पहिलं स्वभावावर बोट ठेवतं, दुसरं आत्ताच्या वागण्यावर. इंग्रजीतही तेच: 'ही इज सुपरसिलियस' म्हणजे स्वभावच तसा, 'ही इज बीइंग सुपरसिलियस' म्हणजे आत्ता, या क्षणी तसं वागतोय. एका प्रसंगावरून लिहीत असाल तर दुसरं वाक्य घ्या, किंवा सरळ हसण्याला, आवाजाला विशेषण लावा आणि माणसाला सोडून द्या.

तपासा: विशेषण माणसाला लावलंय की त्याच्या कृतीला? माणसाला लावलं असेल तर तुमच्याकडे एकाहून अधिक प्रसंग आहेत का?

## टप्पा ६: प्रसंग बघून वापरा, नाहीतर सोडून द्या

हा लेखी, औपचारिक शब्द आहे. कथा, व्यक्तिचित्र, परीक्षण, वैचारिक लेख यांत शोभतो. गप्पांत जड वाटतो. तिथे स्नूटी किंवा स्टक-अप म्हणतात. भांडणात तर तो टाळाच. ज्याला तो माहीत नाही त्याला तो ऐकवलात, आणि वर अर्थही तुम्हीच सांगितलात, तर त्या क्षणी खोलीत सुपरसिलियस कोण, हा प्रश्न रास्तच.

कामाच्या पत्रात, तक्रारीत, सहकाऱ्याच्या मूल्यमापनात हा शब्द घालू नका. तो माणसाच्या मनाविषयी आरोप करतो आणि ते सिद्ध करता येत नाही. तिथे काय घडलं तेवढंच लिहा: प्रश्न विचारला, उत्तर मिळालं नाही, हसून विषय बदलला गेला.

## टप्पा ७: आता मराठीत आणा

एकच प्रतिशब्द सगळीकडे चालेल ही अपेक्षा सोडा. मागचं नाम बघा आणि ठरवा.

माणूस असेल तर आढ्यतेखोर किंवा शिष्ट. 'आढ्य' म्हणजे मूळचा धनाढ्यातला आढ्य, संपन्न. त्यामुळे आढ्यतेत आपण वरच्या पायरीवर आहोत ही जाणीव आपोआप येते, जी नुसत्या 'गर्वा'त येत नाही. स्मित असेल तर तुच्छतेचं हसू. नजर असेल तर तुच्छ कटाक्ष. आवाज असेल तर 'तोऱ्यात म्हणाला'. पुष्कळदा विशेषण टाकून क्रियापद घेतलेलं बरं: नाक उडवलं, कस्पटासमान लेखलं, खिजगणतीतही धरलं नाही.

इशारा, 'शिष्ट'विषयी: बोलण्यात 'ती जरा शिष्टच आहे' म्हणजे अगदी सुपरसिलियस. पण शिष्टाचार, शिष्टमंडळ, शिष्टसंमत यांतला शिष्ट सभ्य, सुसंस्कृत आहे. संवादात हा शब्द बिनधास्त वापरा. गंभीर गद्यात मात्र वाचक उलटा अर्थ घेऊ शकतो. तिथे आढ्यतेखोर घ्या.

इशारा, भुवईविषयी: मूळ भुवईतलं म्हणून भाषांतरात भुवई आणायचा मोह होतो. मी स्वतः एकदा 'सुपरसिलियस स्माइल'चं 'भुवई उंचावून हसली' असं केलं होतं आणि स्वतःवर खूश होतो. वाचणाऱ्याने विचारलं, "तिला एवढं आश्चर्य कशाचं वाटलं?" मराठीत भुवया उंचावतात त्या नवलाने किंवा नापसंतीने. तुच्छता दाखवायचं काम आपल्याकडे नाकाकडे आहे.

उद्धट, फटकळ, तुसडा हे तिन्ही इथे चुकीचे. उद्धट का नाही ते टप्पा ३ मध्ये आलंय. फटकळ माणूस तोंडावर बोलतो, तुसडा तोडून बोलतो. आपला माणूस बहुधा बोलतच नाही. माजोरडा ॲरोगंटच्या जवळचा.

## सराव: पाच वाक्यं, उत्तरं लगेच खाली

उत्तर झाकून आधी स्वतः ठरवा: शब्द ठेवायचा की बदलायचा?

१. 'माय मेंटॉर इज अ सुपरसिलियस पर्सन अँड आय रिस्पेक्ट हिम अ लॉट.'
बदला. लिहिणाऱ्याला 'थोर' म्हणायचंय, 'सुपर'ने फसवलं. 'रिमार्केबल' घ्या. माझ्या डोळ्यांसमोर आलेल्या चुकांपैकी ही सगळ्यात महागात पडणारी, कारण ती आभाराच्या पत्रात सापडते.

२. 'शी इज सुपरसिलियस ऑफ हर मार्क्स.'
बदला. 'प्राउड ऑफ'. 'ऑफ' दिसला की तिथेच थांबायचं.

३. 'ही सुपरसिलियसली ऑर्डर्ड देम टू लीव्ह.'
बहुधा बदला. हुकूम आहे, म्हणून इम्पीरिअसली. हुकूम सोडताना चेहऱ्यावर तेच अर्धं हसू होतं असं दाखवायचं असेल, तर ठेवलं तरी चालेल. पण मग ते हसू आसपासच्या वाक्यात दिसू द्या.

४. 'द शाय बॉय लुक्ड सुपरसिलियस इन द न्यू क्लास.'
सरळ चूक म्हणता येत नाही, पण 'लुक्ड'वर सगळं उभं आहे: दिसला तसा, होता नाही. पुढच्या वाक्यात ते सांगणार नसाल तर 'अलूफ' घ्या.

५. 'ही कास्ट अ सुपरसिलियस ग्लान्स ॲट द ओल्ड कर्टन्स अँड सेड नथिंग.'
ठेवा. पडद्यांना काही वाटत नाही, पण ते ज्याने लावलेत तो शेजारीच उभा आहे.